बेरेनिकेच्या उकिरड्यात सापडलेलं आपलं सूत

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे, आता तिथं नुसती वाळू, पण दोन हजार वर्षांपूर्वी भारतातून येणारी जहाजं इथं लागायची. टॉलेमी दुसरा या राजाने इ.स.पू. 275 च्या सुमारास ते वसवलं, तेव्हा काम होतं आफ्रिकेतून लढाईचे हत्ती उतरवून घ्यायचं, मिरीचा धंदा जोरात आला तो पुढे रोमन काळात.

एवढ्या उजाड जागी बंदर कशाला? तर वाऱ्यामुळे. तांबड्या समुद्राच्या वरच्या भागात बहुतेक वेळ वारा उत्तरेकडून येतो, म्हणजे परतणाऱ्या शिडाच्या जहाजाला थेट समोरून, त्यापेक्षा माल इथंच उतरवायचा, उंटांवर लादायचा आणि 12 दिवसांत नाईलकाठच्या कॉप्टोसला पोचवायचा.

1994 पासून इथं खोदकाम सुरू झालं. सेरापिस या ग्रीक-इजिप्शियन देवाच्या देवळाच्या अंगणात जमिनीत एक रांजण निघाला, तोही भारतातच घडवलेला, आणि आत साडेसात किलो काळी मिरी! आपल्या कोकणात पावसाळ्यात पापड सुद्धा सादळतात, तिथल्या कोरड्या हवेत मिरी दोन हजार वर्षं राहिली.

पण मला सगळ्यात भारी वाटतात त्या उकिरड्यातल्या चिंध्या. सूत कातताना पीळ दोन बाजूंनी बसू शकतो. धागा उभा धरून भिंगातून बघा, पिळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर तो झेड पीळ, खाली उतरत असतील तर एस पीळ. इजिप्तमध्ये जवसाच्या झाडाचं सूत एस पिळाने कातायची पद्धत, भारतातलं कापसाचं सूत झेड पिळाचं. आणि बेरेनिकेला शिडांचे जे सुती तुकडे मिळालेत त्यांचा पीळ झेड आहे, म्हणजे ते सूत इकडे कुणाच्या तरी हाताने कातलेलं, नाव ना गाव, पण हाताची सवय धाग्यात तशीच राहिलीये.

सागवानाचंही तसंच. तिथं आसपास सागाचं एक झाड नाही, तरी उशिराच्या रोमन काळातल्या घरांच्या भिंतींत सागाच्या तुळया आहेत, बहुतेक जुनी जहाजं मोडून काढलेलं लाकूड असणार, चांगलं सागवान कोण टाकून देतंय.

आपल्या सातवाहनांची दोन नाणी पण मिळालीयेत तिथं. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात बेरेनिकेही आहे आणि आपलं सोपारा, कल्याणही आहे, त्यामुळे नाण्यांचं फार नवल वाटायला नको, तरी वाचून अंगावर काटा आलाच. 2022 मध्ये बुद्धाची साधारण 71 सेंटीमीटरची मूर्ती निघाली, तिचा संगमरवर मात्र आजच्या तुर्कस्तानातला.

आणि माकडं! गावाबाहेर पाळीव प्राण्यांची दफनभूमी आहे, मांजरं सगळ्यात जास्त, कुत्रीही आहेत, आणि त्यांच्यातच भारतातून नेलेली माकडं, काही तर अगदी लहान. कुणीतरी त्यांना इतक्या लांब समुद्रातून सांभाळत नेलं आणि मेल्यावर नीट पुरलं, काहींच्या शेजारी शिंपले ठेवून.