समग्रमधला 'परिवार'

इंदूरमध्ये डिजिटल अर्थव्यवस्थेच्या नियोजनाचा विषय निघाला की गाडी सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे शहरातल्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यावर जाते. भूखंड, सवलतीची वीज, भांडवली अनुदान, २०२५ साली जागतिक कंपन्यांच्या सेवाकेंद्रांसाठी आलेलं धोरण. हे सगळं वर्तमानपत्रांत रोज येतं. सामान्य घराशी राज्याचा जो डिजिटल व्यवहार होतो तो मात्र दोन आकड्यांवर चालतो: परिवाराचा आठ अंकी आणि सदस्याचा नऊ अंकी समग्र क्रमांक. समग्र म्हणजे मध्य प्रदेश सरकारची घरं आणि माणसं यांची संगणकावरची नोंदवही.

याची पहिली तालीम शेजारच्या धारमध्ये झाली. जानेवारी २००० मध्ये तिथे ज्ञानदूत हा गावोगावी संगणकावरून सरकारी सेवा देणारा प्रकल्प सुरू झाला. गावातल्या सूचनालयात, म्हणजे संगणक केंद्रात, मंडीचे भाव ५ रुपयांत, खसऱ्याची (जमिनीच्या नोंदीची) नक्कल १५ रुपयांत. त्याच वर्षी स्टॉकहोमचा पुरस्कारही मिळाला. पण डायल-अपची लाइन तुटायची, वीज जायची, आणि चालवणाऱ्या तरुणाचं पोट या फुटकळ शुल्कावर. कौतुक झालं, गणित बसलं नाही.

त्यानंतरचा खरा टप्पा २०१०चा. ठरावीक मुदतीत सेवा देण्याची हमी देणारा कायदा करणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य. उशीर झाला तर जबाबदार अधिकाऱ्याला दंड: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,०००. दंड लावायचा तर अर्जाची तारीख वादातीत हवी, म्हणजे पावती संगणकावरच फाडायला हवी. असे अर्ज घेणारी लोक सेवा केंद्रं आली ती या गरजेतून. संगणकीकरणाला कुठल्याही आयटी धोरणापेक्षा या दंडानं जास्त रेटा दिला.

समग्र याच दशकातलं. कल्पना साधी: प्रत्येक योजनेसाठी वेगळी यादी करण्यापेक्षा एकदाच घराची नोंद करा. घोळ झाला तो 'परिवार' या शब्दात. नोंद करताना बहुतेक ठिकाणी एका छपराखालचे सगळे एका क्रमांकात गेले: आजी-आजोबा, दोन भाऊ, दोघांच्या बायका, मुलं. २०२३ साली विवाहित महिलांना दरमहा १,००० रुपये (पुढे १,२५०, मग १,५००) देणारी लाडली बहना योजना आली. तिच्या नियमांत परिवार म्हणजे पती, पत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं एवढंच. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, जमिनीची पाच एकर. अर्ज मात्र उघडायचा समग्र क्रमांकावरूनच. सासऱ्यांची जमीन आपल्या नावावर मोजली जाईल या धास्तीनं लोकांनी 'समग्र वेगळी' करून घेतली, म्हणजे आपल्यापुरता नवा परिवार क्रमांक काढला. चूल एकच, क्रमांक दोन.

वेगळं होण्याचा फटका रेशनवर बसतो. पात्रता पर्ची, म्हणजे रेशनचा हक्क दाखवणारी चिठ्ठी, परिवार क्रमांकाला जोडलेली असते. सदस्याचा नऊ अंकी क्रमांक तोच राहतो, पण परिवार क्रमांक बदलला की जुन्या पर्चीतला हक्क आपोआप मागे येत नाही. नव्या परिवारासाठी पर्ची पुन्हा मागावी लागते. म्हणून कियोस्कवर (ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर) वेगळं होण्याचा अर्ज भरण्याआधी पर्चीवर कोणाकोणाची नावं आहेत ते पाहून घ्यावं.

मराठी घरांत आणखी एक अडचण, जिची आखणी करताना कोणाला आठवण झाली असेल असं वाटत नाही. ई-केवायसीत, म्हणजे ओळखीच्या ऑनलाइन पडताळणीत, समग्रमधलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी ताडून पाहिलं जातं. हिंदी टंकणाऱ्याच्या बोटांना 'ळ'ची सवय नाही, त्यामुळे काळे यांचे 'काले' होतात. नाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव ही आपली रीत. समग्रमध्ये मात्र वडील-पतीसाठी वेगळा रकाना. एका कागदावर तीन शब्द, दुसऱ्यावर दोन. लग्नानंतर पाळण्यातलं नावही बदललं असेल तर विचारायलाच नको.

नाव जुळलं नाही की विनंती मंजुरीसाठी स्थानिक पातळीवर जाते: शहरात झोन कार्यालय, गावात पंचायत. आधी आधारवरचं नाव पक्कं करावं, मग समग्रची ई-केवायसी, शेवटी बँक खातं. क्रम उलटा झाला तर एक दुरुस्ती दुसरीला खोटं पाडते. लाडली बहनासाठी खातं स्त्रीच्या एकटीच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. नवऱ्यासोबतचं संयुक्त खातं या योजनेत चालत नाही.