टक्क्यांवरून गट ठरत नाही

परभणी-हिंगोलीकडं मैदानावर हमखास ऐकू येतं, "अपंगत्वाचं सर्टिफिकेट साठ टक्क्यांचं आहे ना, मग पॅरात, म्हणजे अपंग खेळाडूंच्या स्पर्धेत, सोपा गट!" तसं नसतं हो. ४० टक्क्यांची अट सरकारी सवलतींची. खेळात तज्ज्ञ सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती, हे हातानं दाबून बघतात. मग स्पर्धेतही नजर ठेवतात. या अपंगत्वामुळं हा खेळ किती अडतो, एवढंच बघायचं. पोहण्यात ब्रेस्टस्ट्रोक या प्रकाराला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून त्याचे गटच वेगळे. एकच पोहणारा फ्रीस्टाइलला एस-९ गटात, तर ब्रेस्टस्ट्रोकला एसबी-८ गटात असू शकतो.

आणि गट कायमचा नसतो. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये २०२१ साली भारताचा विनोद कुमार थाळीफेकीत तिसरा आला; फेरतपासणीत तो एफ-५२ या बसून फेकणाऱ्यांच्या गटात बसत नाही असं ठरलं, पदक गेलं.