पगाराला टोपी की लीगला टोपी?

2 नोव्हेंबर 2019, जपानमधलं योकोहामा. रग्बी वर्ल्ड कपची फायनल आणि साउथ आफ्रिकेने इंग्लंडला 32-12 असं धुतलं. त्या दिवशी इंग्लंडच्या पहिल्या पंधरा जणांत सहा जण एकाच क्लबचे होते, लंडनच्या सॅरासेन्सचे. हे लोक अजून जेट लॅगमधून बाहेर येतायत तोवर, म्हणजे बरोब्बर तीन दिवसांनी, प्रीमियरशिपचा, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या रग्बी लीगचा, निकाल आला की सॅरासेन्सने तीन सीझन पगाराची मर्यादा ओलांडली, 35 पॉइंट कापा आणि 53 लाख पौंडांच्या वर दंड भरा. जानेवारीत आणखी 70 पॉइंट गेले आणि युरोपचा चॅम्पियन क्लब सीझन संपायच्या आधीच खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार हे नक्की झालं.

सॅलरी कॅप म्हणजे आपल्या आयपीएलची पर्सच, पण ऑक्शनशिवाय. प्रत्येक क्लबने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला एवढेच पैसे खर्च करायचे, त्याच्या वर एक पेनी नाही. इंग्लंडच्या प्रीमियरशिपमध्ये ही कॅप 1999 पासून आहे. ती 70 लाख पौंडांपर्यंत चढली, कोविडनंतर 50 लाखांवर आणली आणि 2024-25 ला परत 64 लाख केली. आपल्या पैशात 70-75 कोटी धरा. आयपीएल 2025 च्या ऑक्शनला एका टीमची पर्स 120 कोटी होती आणि तीही जास्तीत जास्त 25 जणांसाठी. रग्बी क्लबला त्याच्या निम्म्या-पाऊण पैशात 40 माणसं वर्षभर पोसायची असतात, त्यामुळे रग्बीवाले श्रीमंत असतील असा समज असेल तर तो आत्ताच सोडा.

आता कॅप लागतेच कशाला? कुठल्याही दुकानदाराला समोरचं दुकान बंद पडलं की आनंदच होतो. पण खेळात समोरचं दुकान बंद पडलं तर तुमचंही शटर खाली. अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी 1964 मध्ये हे फार मस्त सांगितलं होतं, की हेवीवेट चॅम्पियन जो लुईसला पैसे मिळायचे ते समोर श्मेलिंगसारखा तगडा बॉक्सर असला तरच. समोर कोणी ऐरागैरा उभा केला तर तिकीट कोण काढणार? म्हणून लीग सगळ्यांच्या पगाराला टोपी घालते. फक्त मराठीत टोपी घालण्याचा दुसराही एक अर्थ आहे आणि तो या गोष्टीत पुढे येतोच :)

पण मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच जागी. सारखे पैसे दिले म्हणजे सारखी ताकद आली का? यासाठी स्क्रम जवळून बघायला हवा.

स्क्रममध्ये दोन्ही बाजूचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून एकमेकांवर रेटा देतात. पुढे तिघं, मधे हूकर आणि दोन बाजूंना दोन प्रॉप, मागे बाकीचे पाच. यातला एक प्रॉप जरी कोपरातून वाकला किंवा त्याचा पाय सरकला तरी बाकी सात कितीही बैल असले तरी सगळा डोलारा खाली येतो, रेफरी शिट्टी मारतो आणि पेनल्टी जाते समोरच्याला. आता खेळण्यातलं गणित करू. समजा प्रत्येक जण आपलं काम 100 पैकी 97 वेळा बरोबर करतो. आठही जण एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता 0.97 चा आठवा घात, म्हणजे साधारण 78.4 टक्के. आता एकाला काढून तिथे सुपरस्टार आणला, 1000 मध्ये एकदाच चुकणारा. शक्यता झाली 80.7. म्हणजे एवढा पैसा ओतून जेमतेम सव्वादोन टक्के वाढले. उलट त्याच जागी एक कच्चा गडी टाकला, 100 मध्ये 80 वेळाच बरोबर, तर आकडा धाडकन 64.6 वर. स्टारने सव्वादोन मिळाले, कच्च्याने जवळपास चौदा गेले. खरा स्क्रम एवढा सरळ नसतो हे मान्य, बाजूचा माणूस थोडंफार सांभाळून घेतोच, पण दिशा बरोबर आहे.

हे गणित मायकल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञाचं आहे, 1993 चं, आणि त्याला नाव ओ-रिंग थिअरी. 1986 मध्ये चॅलेंजर यान एका रबरी रिंगमुळे फुटलं, हजारो भाग उत्तम आणि एक भाग थंडीत कडक झालेला, त्यावरून. क्रेमरने रग्बीबद्दल काही लिहिलं नव्हतं, तो कारखाने आणि देश यांच्याबद्दल बोलत होता, पण त्याचा एक निष्कर्ष रग्बीला असा फिट बसतो की बास. गुणाकार असला की चांगल्या माणसाची किंमत बाजूला कोण उभं आहे त्यावर ठरते. सात कच्च्या लोकांत उत्तम प्रॉप आणला तर फारसा फरक पडत नाही, सात तगड्यांत आणला तर मोठा पडतो. म्हणजे त्याच प्रॉपला तगडा क्लब जास्त पैसे देऊ शकतो आणि तरी फायद्यात राहतो. मोकळं सोडलं तर चांगले चांगल्यांकडे जमत जातात, लोणी सगळं एकाच मडक्यात. कॅप खरं तर या ओढीला अडवते. आणि ओढ आहे म्हटल्यावर बांधाला भोक पाडणारेही येणारच.

सॅरासेन्सचं भोक साधं होतं. मालक नायजेल रे यांनी काही खेळाडूंबरोबर भागीदारीत कंपन्या काढल्या, घरांमध्ये पैसे गुंतवले. क्लब म्हणे ही गुंतवणूक आहे, पगार नाही. चौकशी करणारं पॅनेल म्हणालं पगारच आहे, आणि लीगला वेळेत कळवलेलाही नाही. ऑस्ट्रेलियात तर याच्याही वरचं झालं होतं. तिथल्या रग्बी लीगमध्ये (हा तेरा जणांचा वेगळा खेळ, भाऊबंदच) मेलबर्न स्टॉर्मने शुद्ध दोन नंबरची वही ठेवली होती, एक दाखवायची, एक खरी. 2010 मध्ये पकडले गेले, 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली आणि त्या सीझनच्या उरलेल्या सगळ्या मॅच शून्य पॉइंटसाठी खेळा असं सांगितलं. जिंकले तरी शून्य. दर आठवड्याला ड्रेसिंग रूममध्ये कोच काय बोलत असेल देव जाणे.

बरं, कायद्यातलीही दारं आहेत. इंग्लंडमध्ये एक मार्की प्लेयर कॅपच्या बाहेर ठेवता येतो, त्याला कितीही द्या. बाथ क्लबने तिथे स्कॉटलंडचा फ्लाय-हाफ फिन रसेल बसवला. फ्लाय-हाफ म्हणजे स्क्रमचं उलटं टोक, दहा नंबर, जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून जाते, म्हणून एकट्यावर एवढा पैसा तिथे परवडतो. शिवाय स्वतःच्या अकॅडमीतून घडवलेल्या खेळाडूंसाठी कॅपवर सूट मिळते, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणी तरतूद हीच. फ्रान्सच्या टॉप 14 लीगची कॅप इंग्लंडपेक्षा बरीच मोठी, एक कोटी युरोच्या आसपास, आणि तिथे फ्रेंच अकॅडमीत वाढलेले खेळाडू टीममध्ये ठराविक संख्येने हवेत असाही नियम. तरी 2019, 2021, 2023, 2024, 2025 एवढ्या वेळा ती लीग तुलूझ हा एकच क्लब जिंकला. कारण घरची शेती. घरच्या पोराला बाजारभाव द्यावा लागत नाही, निदान पहिली काही वर्षं तरी, आणि टीम तगडी असली की बाहेरचाही थोडं कमी घेऊन येतो. कॅप पौंड मोजते, युरो मोजते, पण हे असलं काही तिच्या वहीत येतच नाही.

आता 40 माणसं का लागतात ते. मॅचला 15 आणि बेंचवर 8. त्या 23 मध्ये पुढच्या फळीत खेळू शकणारे सहा जण असावेच लागतात, कारण तिथे शिकलेला माणूस नसेल तर मान मोडू शकते, मग रेफरी स्क्रममध्ये ढकलाढकलीच बंद करतो. त्यात दुखापती. इंग्लिश क्लबांवरच्या 2005 च्या अभ्यासात दर 1000 खेळाडू-तासांमागे 91 दुखापती निघाल्या आणि प्रत्येकीमागे सरासरी 18 दिवस घरी. आता एका मॅचमध्ये एका टीमचे 15 जण 80 मिनिटं म्हणजे 20 खेळाडू-तास, म्हणजे दर मॅचला जवळपास दोन जण जायबंदी. आठवड्याला एक मॅच धरली तर कुठल्याही शनिवारी चार-पाच जण निव्वळ मॅचच्या दुखापतींमुळे बाहेर, प्रॅक्टिसमध्ये पाय मुरगळलेले वेगळे. त्यामुळे स्क्वॉडची ताकद बघायची तर पोस्टरवरच्या चेहऱ्याकडे बघू नका, चौथ्या नंबरचा प्रॉप कोण आहे ते विचारा. 64 लाख पौंड 40 जणांत वाटले तर सरासरी एक लाख 60 हजार. तिघांना चार-चार लाख दिले की बाकी 37 जणांना एक लाख 40 हजार. कॅप आवळली की पहिला बळी जातो तो या खालच्या फळीचा, स्टारचा नाही.

मग कॅपने लीग समान झाली का? लोक सांगतात बघा, 2010 ते 2019 या दहा फायनलपैकी पाच सॅरासेन्सने मारल्या आणि नंतर 2020 ते 2025 सहा वर्षांत सहा वेगळे चॅम्पियन: एक्सेटर, हार्लेक्विन्स, लेस्टर, सॅरासेन्स, नॉर्थॅम्प्टन, बाथ. भारी वाटतं ऐकायला. पण दहा टीम अगदी तंतोतंत सारख्या असत्या, निव्वळ चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तरी सहा वर्षांत एकही नाव रिपीट न होण्याची शक्यता फक्त 15 टक्के आहे, बारा टीम धरल्या तर 22. म्हणजे परिपूर्ण समानतेतही असं क्वचित होतं, तेव्हा यात कॅपपेक्षा नशीबाचा वाटा मोठा असणार. त्यापेक्षा बरी पद्धत म्हणजे टेबलवरचं अंतर मोजायचं. दहा टीम, प्रत्येकी 18 मॅच, प्रत्येक निकाल नाणेफेकीवर. सरासरी नऊ विजय, स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून आकडे साधारण किती लांब जातात ते) 2.1, तरीही वरच्या टीमचे 12 आणि खालच्या टीमचे 6 विजय सहज दिसतात. निव्वळ नाण्यामुळे! म्हणून खऱ्या टेबलमधलं अंतर या नाण्याच्या अंतराच्या किती पट आहे ते बघतात. जेवढं एकाच्या जवळ तेवढी लीग समान.

आणि एक गोष्ट कॅपला अजिबात जमली नाही. ती छत आहे, जोतं नाही. ज्यांची तेवढी कमाई नाही तेही छताला डोकं टेकेपर्यंत खर्च करत बसले. 2022 मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, 2023 मध्ये लंडन आयरिश असे तीन क्लब बुडाले, त्यातलं वॉस्प्स तर दोनदा युरोपचं चॅम्पियन. उलट बाथ 2021-22 ला टेबलच्या तळाशी होतं आणि तीन वर्षांत चॅम्पियन झालं. पैशाची मर्यादा सगळ्यांना तीच होती.

सॅरासेन्सचं पुढे काय झालं? बरेचसे स्टार सोडून गेलेच नाहीत, इंग्लंडचे इंटरनॅशनल खेळाडू घेऊन क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरला. कोविडमुळे सीझन मार्च 2021 मध्ये सुरू झाला आणि पहिलीच मॅच कॉर्नवॉलच्या टोकाला, पेन्झन्समध्ये, कॉर्निश पायरेट्सबरोबर. कागदावर तर त्या डिव्हिजनने कधी न पाहिलेला स्क्वॉड. फक्त तेव्हा सिक्स नेशन्स, म्हणजे सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा, चालू होती आणि फॅरेल, इटोजे वगैरे मंडळी इंग्लंडच्या कॅम्पमध्ये होती. पायरेट्स 25, सॅरासेन्स 17.