गॉस्पेल अल्बम

अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये घडलेल्या गॉस्पेल या भक्तिगायनाच्या ध्वनिमुद्रित संग्रहाला गॉस्पेल अल्बम म्हणतात. प्रार्थनासभेतली गाणी, मधूनच येणारा उपदेश आणि नाताळची गीते असे सगळे त्यात येते. दक्षिणेकडच्या गोऱ्या गायकांची ‘सदर्न गॉस्पेल’ ही शाखा वेगळी असून येथे मुख्यतः कृष्णवर्णीय परंपरेचा विचार केला आहे.

या गायनाचा जीव सवाल-जबाबात आहे. मुख्य गायक ओळ टाकतो, मागचा कॉयर, म्हणजे गायकवृंद, ती उचलतो आणि बाकांवर बसलेली मंडळी टाळ्यांनी, हाकांनी त्यात उतरतात. झीलकऱ्यांवाचून शाहीर एकटा पडतो, तसाच मंडळीवाचून गॉस्पेल गायक. तबकडीवर ही मंडळी आणायची कशी, हा या अल्बमांपुढचा पहिल्यापासूनचा पेच आहे.

गॉस्पेलचे जनक मानले जाणारे थॉमस ए. डॉर्सी (१८९९–१९९३) आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे लौकिक संगीत वाजवत. १९३२ मध्ये पत्नी बाळंतपणात गेली, नवजात मुलगाही दगावला. त्या दुःखातून त्यांचे ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत आले. ब्लूजची ठेवण आणि प्रार्थनेचे शब्द यांचा त्यांनी शिकागोत घातलेला मेळ सुरुवातीला अनेक चर्चना रुचला नाही. पुढे हेच गीत जवळपास प्रत्येक मोठ्या गॉस्पेल गायकाने गायले.

त्या काळच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सन (१९११–७२) यांचे १९४७ साली मुद्रित झालेले ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ त्यामुळे दोन बाजूंवर तोडून द्यावे लागले. गाणे रंगात आले की उठून तबकडी उलटायची. तरीही ती तुफान खपली. याच महेलियाबाई १९७१ मध्ये भारतात आल्या आणि कोलकाता, दिल्ली, मद्रास व मुंबई येथे गायल्या.

१९४८ मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची ऐसपैस जागा दिली, आणि स्टुडिओऐवजी यंत्रेच चर्चमध्ये न्यावीत ही कल्पना रुजली. गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड यांनी न्यू जर्सीतील नटली गावच्या अँजेलिक कॉयरबरोबर केलेला ‘पीस बी स्टिल’ हा अल्बम १९६३ च्या सप्टेंबरात श्रोत्यांसमोर मुद्रित झाला. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीय चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्याला तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. वादळ शांत करणाऱ्या येशूचे ते गाणे ऐकताना ही तारीख लक्षात ठेवावी. कॅलिफोर्नियातील एडविन हॉकिन्स यांच्या युवा कॉयरने बर्कलीच्या चर्चमध्ये मुद्रित केलेल्या अल्बमच्या तर केवळ ५०० प्रती काढल्या होत्या. प्रवासखर्च उभा करणे एवढाच हेतू. त्यातले ‘ओ हॅपी डे’ रेडिओवर वाजले आणि १९६९ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचले.

या प्रकारातला सर्वांत थोर अल्बम मात्र अरिथा फ्रँकलिन यांचा ‘अमेझिंग ग्रेस’ (१९७२). सोल या लौकिक संगीताच्या शिखरावर असताना त्या लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये परतल्या. १३ आणि १४ जानेवारी १९७२ अशा दोन रात्री मुद्रण चालले. सूत्रसंचालन आणि पियानो क्लीव्हलंड यांचा, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर. दुसऱ्या रात्री अरिथांचे वडील, धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन, श्रोत्यांत होते आणि ते बोललेही. शीर्षकगीत दहा मिनिटांहून अधिक चालते. एकेका शब्दावर त्या थांबतात, खालून कोणीतरी हाक देते, त्या हाकेवर पुढची तान चढते. हे ऐकताना श्रोत्यांचा आवाज काढून टाकण्याची कल्पनाच करवत नाही. अल्बमच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी तेव्हाच चित्रीकरण केले होते, पण क्लॅपर, म्हणजे दृश्याच्या सुरुवातीला वाजवायची खुणेची पाटी, न वापरल्याने आवाज आणि चित्र जुळेना. तो चित्रपट अरिथांच्या निधनानंतर, २०१८ मध्ये पडद्यावर आला.

नाताळचे अल्बम ही या परंपरेची मोठी उपशाखा. वर्षभर गॉस्पेल न ऐकणारी घरेही डिसेंबरात हे अल्बम घेतात, त्यामुळे कंपन्यांना त्यात रस असतो. एल्विस प्रेसलीच्या १९५७ च्या नाताळ अल्बममध्ये चार गॉस्पेल गाणी आहेत आणि त्यांत डॉर्सींचे ‘प्रेशस लॉर्ड’ही आहे. संगीतकार हँडलच्या ‘मसाया’ या येशूवरील समूहगायनाच्या रचनेवर आधारलेल्या १९९२ च्या ‘अ सोलफुल सेलिब्रेशन’मध्ये स्टीव्ही वंडर, टेक सिक्स असे अनेक कलावंत एकत्र आले, त्यातल्या ‘हालेलुया’चे संचालन क्विन्सी जोन्स यांचे. व्हिटनी ह्यूस्टन यांनी जॉर्जिया मास कॉयरबरोबर गायलेला ‘द प्रीचर्स वाइफ’ (१९९६) हा नाताळच्या दिवसांत घडणाऱ्या चित्रपटाचा अल्बम. सर्वाधिक खपाच्या गॉस्पेल अल्बमांत त्याची गणना होते.

पाहुणे कलाकार घेतले की अल्बम विस्कळीत होण्याची भीती असते. प्रत्येक गाण्याला नवा आवाज, नवा तोल. ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ यांचा ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ (२००३) यातून सहीसलामत सुटला. १९३९ मध्ये टॅलडेगा येथील अंध कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेतून निघालेला हा गायकसंघ. या अल्बममध्ये टॉम वेट्स, क्रिसी हाइंड, सॉलोमन बर्क, मेव्हिस स्टेपल्स, एरन नेव्हिल असे पाहुणे आहेत. मेव्हिस आणि बर्क चर्चमध्येच वाढलेले, त्यांना काही सांगावे लागत नाही. नवल वाटते ते चर्चबाहेरच्या संगीतातल्या वेट्स यांचे. त्यांचा खरखरीत, फाटका आवाज शीर्षकगीताला शोभेल असे वाटत नाही; पण ब्लाइंड बॉइजची घट्ट स्वरसंगती त्याला दोन्ही बाजूंनी धरते आणि तो प्रार्थनेला उशिरा येऊन मागच्या बाकावरून ओरडणाऱ्या माणसाचा आवाज होतो. या अल्बमला पारंपरिक गॉस्पेलचे ग्रॅमी हे अमेरिकी संगीत-पारितोषिक मिळाले. २०१४ मध्ये याच संघाने ब्लूज गायक ताज महल यांना सोबत घेऊन ‘टॉकिन ख्रिसमस’ हा दुसरा नाताळ अल्बम काढला.