वेगमापन

वेगमापन : माणसे किंवा वाहने किती वेगाने जात आहेत हे ठरवण्याच्या पद्धती. भौतिकीत दिशेसह घेतला तो वेग आणि दिशा सोडून घेतली ती चाल. व्यवहारात दोन्हींना वेगच म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे. वेग सहसा थेट मोजला जात नाही. मोजतात ते अंतर, काळ, चाकाचे फेरे किंवा परत आलेल्या लहरीची वारंवारता. त्यांवरून वेग काढावा लागतो. त्यामुळे आकडा कोणत्या टप्प्यातला, हे कळल्याशिवाय त्याला पुरता अर्थ येत नाही.

अंतराला काळाने भागले की सरासरी वेग मिळतो. मीटर प्रतिसेकंदाला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर. १८० मीटर लांबीची आगगाडी एक खांब ९ सेकंदांत ओलांडत असेल, तर तिचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किमी. जाताना ताशी ३० आणि त्याच वाटेने परतताना ताशी ६० किमी वेग असेल, तर सरासरी ४५ नव्हे, ४० येते. कारण संथ प्रवासात दुप्पट वेळ जातो. ही चूक फार जणांकडून होते.

टप्पा लहान केला की चित्र बदलते. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, सरासरी ताशी सुमारे ३७.६ किमी. पण त्याच धावेत ६० ते ८० मीटरच्या पट्ट्यात तो ताशी ४४ किमीच्या वर होता. टप्पा असाच आक्रसत शून्याकडे नेला की तात्कालिक वेग मिळतो, आणि कलनशास्त्राची गरज इथेच लागते.

वाहनातील वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो. ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत फिरते चुंबक धातूच्या पेल्यात आवर्त प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह) निर्माण करते आणि पेल्याला जोडलेला काटा स्प्रिंगच्या विरोधात वळतो. आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक संवेदक असतात, तरी टायर झिजला की परीघ घटतो, तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि वेग खऱ्यापेक्षा अधिक दिसतो.

रस्त्याकडेचे रडार डॉप्लर परिणामावर चालते. येणाऱ्या वाहनावरून परतलेल्या लहरीची वारंवारता वेगाच्या प्रमाणात वाढते, दूर जाणाऱ्यावरून घटते. २४ गिगाहर्ट्झच्या लहरीत ताशी १०० किमीला हा फरक साधारण साडेचार किलोहर्ट्झ असतो. रडार वाहनाच्या मार्गाशी कोन करून असेल, तर त्या कोनाच्या कोज्येइतकाच (कोसाइन) भाग नोंदवला जातो : २० अंशांना १०० चे ९४ दिसतात. लेझर यंत्र प्रकाशस्पंदांच्या परतीच्या काळावरून अंतर वारंवार मोजते. दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांची पद्धत मात्र निव्वळ भागाकाराची : त्यांमधले अंतर भागिले वाहनाला लागलेला काळ. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून ती चुकवता येत नाही.

अपघातानंतर घसरखुणांवरूनही वेग काढतात. सपाट रस्त्यावर त्याचा वर्ग २×घर्षणांक×गुरुत्वत्वरण×खुणेची लांबी इतका धरतात. घर्षणांक ०.७ आणि खूण २० मीटर असेल, तर उत्तर ताशी सुमारे ६० किमी. खुणेच्या शेवटी वाहन कशावर आदळले असेल, तर त्या क्षणी उरलेला वेग खुणेत उमटत नाही. अशा वेळी हे उत्तर किमान मर्यादा समजावे.