पार्श्वभूमी : चार जाळ्यांचं मैदान आणि जर्मनीतला वाद

जर्मनीत २०२४-२५च्या हंगामापासून अकरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल सामन्यांना गुणतक्ता राहिलेला नाही. सगळ्यांत लहान गटात दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन असा खेळ होतो. गोलरक्षक नसतो आणि मैदानावर चार छोट्या जाळ्या लावतात, प्रत्येक बाजूला दोन. हा बदल एका रात्रीत झालेला नाही.

सुरुवात २००० सालच्या युरोपीय स्पर्धेपासून करावी लागते. गतविजेता जर्मनी गटात तळाला राहिला. तीन सामन्यांत एक गुण, एक गोल. बचावफळीमागे ‘लिबेरो’ म्हणून, म्हणजे कुणा एकाला न चिकटता सगळ्यांच्या मागे राहणारा मोकळा बचावपटू म्हणून, उभा होता ३९ वर्षांचा खेळाडू. बाकीचा युरोप तोवर चार बचावपटूंच्या सरळ रेषेकडे आणि जागा राखून खेळण्याकडे वळला होता. जर्मनीत मात्र मुलांनाही ‘तुझा माणूस सोडू नकोस’ हेच सांगितलं जात होतं. माणसाच्या मागे धावणारं पोर मेहनती होतं, पण मोकळी जागा कुठे तयार होते आहे हे बघायची सवय त्याला लागत नाही. माझ्या मते त्या पराभवाचं मूळ इथेच होतं.

त्यानंतरचा भाग बहुतेकांना माहीत आहे : व्यावसायिक क्लबांना युवा अकादमी सक्तीची झाली, देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली, २०१४ मध्ये विश्वचषक आला. लिबेरो गेला, पासिंग आलं.

मग गाडी पुन्हा अडली. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात, आपल्या मडगावच्या फातोर्डा मैदानावर, इराणने जर्मनीला ४-० हरवलं. त्या एका निकालावरून निष्कर्ष काढू नये, पण २०१८ आणि २०२२ अशा दोन्ही विश्वचषकांत मोठ्यांचा संघही गटातच बाद झाला. तक्रार आता उलटी होती. पास सगळ्यांनाच जमतो, पण समोरच्याला अंगावर घेऊन चकवणारा आणि गोलसमोरच्या पेटीत गोल हेरणारा खेळाडू कुठे आहे? मोकळ्या मैदानात पोरं आपली आपण खेळायची ती ‘बोल्झप्लाट्झ’ची सवय गेली आणि तिच्याबरोबर ते कसबही गेलं, असं तिथे बोललं जाऊ लागलं.

चार जाळ्यांचा खेळ याच तक्रारीवरचा उपाय म्हणून पुढे आला. त्याचं नाव ‘फुनिनो’. इंग्रजी ‘फन’ आणि मूल या अर्थाचा स्पॅनिश ‘निन्यो’ यांची ही जोड हॉकीतून आलेल्या एका जर्मन प्रशिक्षकाची. नावामुळे हा नुसता गंमतखेळ वाटतो आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रत्यक्षात नियम बारकाईने बांधलेले आहेत. ठरलेल्या पट्ट्यात शिरल्याशिवाय गोल धरत नाहीत, त्यामुळे वयाच्या मानाने थोराड मुलाला लांबून ठोकून जिंकता येत नाही. दोन जाळ्या एकमेकींपासून दूर, म्हणून एका बाजूला गर्दी झाली की मान वर करून दुसरीकडे वळावंच लागतं. खेळाची बाजू बदलणं हा डावपेच फळ्यावर न काढता सहा वर्षांच्या मुलाच्या पायात उतरतो. गोल झाला की ठरलेल्या क्रमाने बदली होते. कच्च्या मुलाला बाकावर विसरायची सोयच नाही. सात विरुद्ध सातमध्ये दोन मुलं खेळायची आणि उरलेली त्यांच्यामागे पळायची, हे कुठल्याही मैदानाच्या कडेला उभं राहिलेल्याने पाहिलं आहे.

२०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने हा आराखडा मंजूर केला. सक्ती लागू व्हायला अवकाश होता, तरी २०२३च्या शरदात वाद पेटला. महासंघाच्याच एका बड्या पदाधिकाऱ्याने जाहीर टीका केली : पुढे चेंडूशिवायच खेळवाल, किंवा चेंडू चौकोनी कराल, म्हणजे सावकाश पळणाऱ्या मुलांपासून तो दूर जाणार नाही. मुलांना हरायला शिकवलं नाही तर जिंकणारे कुठून येणार, हा या टीकेमागचा मुद्दा.

मुद्दा खोटा नाही, पण तो या योजनेला लागू पडत नाही. ‘गुणतक्ता नाही’ याचा अर्थ लोकांनी ‘गोल मोजत नाहीत’ असा लावला. एकाच सकाळी अनेक छोट्या मैदानांवर सामने होतात. जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक मैदान खाली. म्हणजे मूल त्या सकाळी अनेकदा जिंकतं, अनेकदा हरतं, आणि हळूहळू आपल्या तोडीच्या मुलांसमोर येतं. बंद झाली ती हंगामभर भिंतीवर लागणारी यादी. ती यादी मुलांपेक्षा पालक आणि प्रशिक्षकच जास्त वाचत होते. तिच्यातल्या जागेसाठी थोराड मुलांना पुढे आणि लहानखुऱ्यांना मागे ठेवलं जायचं. ‘स्पर्धा’ आणि ‘तक्ता’ हे दोन शब्द वेगळे ठेवले असते तर अर्धा वाद झालाच नसता.

भर वादात, २०२३च्या डिसेंबरमध्ये, जर्मनीने इंडोनेशियात सतरा वर्षांखालील विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात फ्रान्सला पेनल्टींवर हरवून. ती मुलं जुन्या पद्धतीतच वाढलेली, त्यामुळे ते यश फुनिनोच्या खात्यावर मांडता येत नाही. सक्तीच्या पहिल्या हंगामात मैदानावर आलेली सहा वर्षांची मुलं २०१८च्या आसपास जन्मलेली आहेत. सतरा वर्षांखालच्या संघात ती दिसायला २०३५ उजाडेल.