तुमच्या बदकांना आजारी पाडणारा जंतू नेमका कोणता?

दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांच्या डोळ्यांतून पाणी येतं, हिरवी हगवण लागते, मान थरथरते आणि पिल्लू उताणं पडून पाय झाडतं. अशा वेळी वसई-पालघरपासून पनवेलपर्यंतचे आमच्या तपासणी प्रयोगशाळेचे ग्राहक फोनवर आधी विचारतात, "औषध कोणतं देऊ?" आम्ही मात्र आधी नुकतंच मेलेलं पिल्लू मागतो.

ही लक्षणं बहुतेकदा रीमेरेला अ‍ॅनाटिपेस्टिफर या जंतूची असतात. पोस्टमॉर्टेममध्ये हृदयावर आणि यकृतावर पांढुरका पडदा दिसतो. पण ई. कोलाय या दुसऱ्या जंतूमुळेही तसाच पडदा धरतो, त्यामुळे नुसत्या नजरेने निदान होत नाही. मोठी बदकं पटापट मेली आणि यकृतावर बारीक पांढरे ठिपके दिसले, तर पाश्चुरेला या जंतूचा, म्हणजे त्याने होणाऱ्या फाउल कॉलराचा संशय घ्यावा. डक प्लेगही तसाच झपाट्याने मारतो, पण तो विषाणूमुळे होतो. त्यावर अँटिबायोटिक म्हणजे पैसे पाण्यात.

जंतूचं नाव कळलं तरी काम संपत नाही. आडनाव एक म्हणून घर एक नसतं. रीमेरेलाचे किमान २१ सिरोटाइप, म्हणजे उपप्रकार, आहेत आणि एकावरची लस दुसऱ्यापासून वाचवेलच असं नाही. एकाच फार्मवर दोन सिरोटाइप एकत्र सापडू शकतात, पुढच्या बॅचला तिसराच येऊ शकतो. शिवाय औषधाला दाद न देण्याची जनुकं हे जंतू एकमेकांना देतात. म्हणून शेजाऱ्याच्या शेडमध्ये लागू पडलेलं औषध तुमच्याकडे फुकट जाऊ शकतं. रीमेरेलाचे बरेच वाण जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकना मुळातच जुमानत नाहीत. कोलिस्टिनवर तर २०१९ पासून देशात पशुपालनासाठी बंदीच आहे. कोणी बाटली पुढे केली तरी घेऊ नका.

जंतू वाढवून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत अगार नावाच्या थराच्या प्लेट वापरतात; त्यातल्या मॅकॉन्की अगारवर रीमेरेला उगवत नाही. तेवढीच एक प्लेट लावली तर तो निसटतो आणि सोबतचा ई. कोलायच रिपोर्टमध्ये येतो. आम्ही मेंदू आणि हृदयातल्या रक्ताचा नमुना ब्लड अगारवर (रक्त मिसळलेल्या अगारवर), कार्बन डायऑक्साइड वाढवून लावतो, पीसीआरने, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या चाचणीने, ओळख पक्की करतो आणि मग कोणतं औषध चालतं ते तपासतो. यात काही दिवस जातात. तोवर आजारी पिल्लं वेगळी काढा, लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) कोरडं ठेवा, गर्दी कमी करा. ओल्या, खरखरीत जमिनीवर पायांना जखमा होतात आणि जंतू तिथूनही शिरतो.

नमुना औषध सुरू करण्याआधीचा हवा. मेलेलं पिल्लू दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा. फ्रीझरमध्ये गोठवू नका. एकाएकी खूप मरतुक झाली तर मात्र पक्षी चिरून पाहू नका, आमच्याकडेही आणू नका. बर्ड फ्लू असू शकतो. आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नाताळच्या विक्रीसाठी बदकं वाढवणाऱ्यांनी औषध बंद केल्यापासून बदक कापेपर्यंत किती दिवस थांबायचं, हे आपल्या पशुवैद्याकडून लिहून घ्यावं.